गिरकी आणि तिची किंमत

लाटेवर फळी घेऊन उभे राहणे वेगळे आणि त्याच लाटेवर फळीसकट स्वतःभोवती पूर्ण गिरकी घेणे वेगळे. सर्फिंग करणारे या गिरकीला ‘थ्री-सिक्स्टी’ म्हणतात. फळी आडवी घसरू नये म्हणून अमेरिकेच्या टॉम ब्लेकने १९३५ मध्ये तिच्या तळाला माशाच्या परासारखी फिन बसवली. पुढे १९८० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसनने तीन फिनांची फळी घडवली आणि पाण्यावरची पकड आणखी घट्ट झाली. गिरकी शिकणाऱ्याला नेमकी हीच पकड सोडवायची असते. लाटेच्या माथ्याशी पोचताच भार पुढच्या पायावर न्यायचा, मान आणि खांदे आधी वळवायचे आणि फळीचे शेपूट मोकळे सोडायचे. मग क्षणभर आपण किनाऱ्याकडे पाठ करून उलटे वाहत असतो. नवखा फसतो तो इथेच. घाबरून तो मागच्या पायावर रेलतो, फिना पाण्यात रुततात आणि स्वारी लाटेखाली!

ही चूक सुधारायला तशीच लाट लगेच पुन्हा हवी आणि समुद्र ती देत नाही. सकाळभर पाण्यात काढली तरी प्रत्यक्ष लाटेवरचा वेळ मिनिटांतच मोजावा लागतो. अकरा वेळा जगज्जेता ठरलेल्या केली स्लेटरने यावर यंत्राचा तोडगा काढला. समुद्रापासून दूर, कॅलिफोर्नियातील लेमोर गावाजवळच्या तलावात हुबेहूब एकसारखी लाट उठवून त्याने ती डिसेंबर २०१५ मध्ये जगाला दाखवली. शुद्धतावाद्यांनी नाके मुरडली. मला ते पटत नाही. एकच पलटा शंभरदा घोटणाऱ्या गायकाला आपण लबाड म्हणतो काय?

माझी तक्रार आहे ती तिकिटाबद्दल. असा तलाव दिवसभरासाठी घ्यायचा तर हजारो डॉलर मोजावे लागतात. ब्राझीलच्या बाइया फोर्मोझा गावातला इतालो फेरेरा लाटेवर उभा राहायला शिकला तो वडिलांच्या मासळीच्या पेटीच्या झाकणावर. ते झाकण थर्मोकोलसारख्या हलक्या फोमचे होते. जुलै २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत पहिल्याच लाटेवर त्याची फळी मोडली. त्याने दुसरी घेतली आणि सर्फिंगमधले पुरुषांचे पहिले ऑलिम्पिक सुवर्णपदक जिंकले. ती स्पर्धा जपानच्या त्सुरिगासाकी किनाऱ्यावर, खऱ्या समुद्रात झाली होती. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकसाठीही ट्रेसल्सचा समुद्रच निवडला गेला, हे बरेच झाले. पण पदक समुद्रात आणि सराव तलावात, अशी विभागणी झाली तर फेरेरासारखा मुलगा सरावातच मागे पडेल. तेव्हा तलावात स्पर्धा भरवणाऱ्या संस्थांनी मालकांना एक अट घालावी : आठवड्यातले काही तास किनाऱ्यावरच्या गरीब मुलांना फुकट. फळ्याही तलावाच्याच.