वाघाच्या कॅमेऱ्यातलं हरीण

वऱ्हाडात हरणाची वेळ फासेपारध्यांइतकी कुणालाच ठाऊक नव्हती. कळप पाण्यावर कधी उतरतो, कोणत्या वाटेने परततो हे हेरून ते फास मांडत. शिकवलेल्या बैलाच्या आडोशाने काळविटाला गाठत. इंग्रजी अमलात या जमातीवर गुन्हेगारीचा शिक्का बसला आणि त्यांचं बरंचसं ज्ञान कागदावर आलंच नाही.

त्याच काळात अमेरिकेत जॉर्ज शिरास याने बंदूक बाजूला ठेवून कॅमेरा धरला. वाटेवर दोरी ताणायची, हरणाचा पाय लागला की फोटो निघायचा. १९०६ मध्ये ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने त्याची छायाचित्रं छापली. आज तिकडचे शिकारी अशाच कॅमेऱ्यांवरून हरणाची वेळ काढून दबा धरतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार थांबवली, ते योग्यच झालं. कॅमेरा मात्र वाघाच्या मोजणीला जुंपला गेला.

२०१८ च्या व्याघ्रगणनेत देशभरात ३ कोटी ४८ लाखांवर छायाचित्रं निघाली. त्यांत वाघांची ७६,६५१, बिबट्यांची ५१,७७७. उरलेल्या ढिगात चितळ आहे, सांबर आहे, रोही म्हणजे नीलगाय आहे, आणि प्रत्येक फोटोवर तारीख-वेळ आहे. मेळघाटातल्या फोटोंवरही ती असते.

इकडे अकोल्याच्या जठारपेठेत राहणाऱ्या कितीतरी कुटुंबांची शेती बार्शीटाकळी, पातूरकडे आहे. हरभरा घाट्यावर आला की बांधाला जुन्या साड्या बांधायच्या, रात्रभर जागल करायची, आणि पहाटे जरा डोळा लागला की रोही शिरतो. रोही हरणाच्या नव्हे, गाईगव्याच्या कुळातला; पिकाला त्याने काय फरक पडतो? तो कोणत्या तासाला, कोणत्या नाल्याने येतो, एवढंच शेतकऱ्याला हवं असतं.

वाघाचे कॅमेरे हे सांगणार नाहीत. दोन्ही कुशींचे पट्टे टिपण्यासाठी ते जंगलवाटेच्या दुतर्फा समोरासमोर लावलेले असतात. बांधावर ते नसतातच. म्हणून मागणी साधी आहे. अकोल्याला पाणी देणाऱ्या महानच्या धरणाभोवतीच काटेपूर्णा अभयारण्य आहे. त्याच्या कडेच्या शेतांत वनविभागाने येत्या रब्बीत कॅमेरे लावावेत, जागा ठरवताना फासेपारध्यांना मजुरी देऊन सोबत घ्यावं, आणि रोह्याचं वेळापत्रक दर आठवड्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावं.