ॲव्हरेज विचारण्याआधी घरची माणसं मोजा

गाडी घ्यायची म्हटलं की आपल्याकडचा शेतकरी शोरूमच्या पायरीवरच पहिला प्रश्न टाकतो, "ॲव्हरेज किती देते?" प्रश्न चुकीचा नाही. पण त्याच्याआधी दोन प्रश्न स्वतःला विचारायचे असतात आणि ते बहुतेक जण विचारत नाहीत. महिन्याला आपली गाडी किती किलोमीटर पळणार? आणि रोज तिच्यात किती माणसं बसणार? शिरूर-दौंड भागात अजून आठ-दहा माणसांची एकत्र घरं पुष्कळ आहेत. अशा घरात मोठी गाडी येते ती जेजुरीची सोमवती, रांजणगावचा गणपती आणि भावकीतली लग्नं डोळ्यांसमोर ठेवून. हे दिवस वर्षातून पंधरा-वीस. उरलेले साडेतीनशे दिवस त्याच गाडीत बहुतेक दोघंच बसतात आणि बाजाराला किंवा दवाखान्याला जाऊन येतात.

जुना हिशेब सोपा होता. १९९४ साली सुमो आली, आपल्या पुण्यातच ती बनायची. बागाईतदाराच्या दारात सुमो, नाहीतर ट्रॅक्स किंवा कमांडर जीप हे ठरलेलं. डिझेल पेट्रोलपेक्षा कितीतरी स्वस्त, त्यामुळे "डिझेल घ्या" एवढं सांगितलं की काम भागायचं. ते दिवस गेले. डिझेलवरचं सरकारी नियंत्रण ऑक्टोबर २०१४ मध्ये उठलं आणि दोन्ही भावांमधलं अंतर आटलं. सुमो २०१९ मध्ये बंद झाली. मारुतीने २०२० पासून डिझेल गाड्या बनवणंच सोडलं. पण आपल्या डोक्यातलं गणित मात्र अजून सुमोच्या काळातलंच आहे.

आता कंपनीच्या आकड्याकडे या. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही संस्था १९६६ पासून आहे. जाहिरातीतला ॲव्हरेज अशाच संस्थेच्या चाचणीतून येतो. चाचणीत गाडी रुळांवर उभी करून ठरलेल्या वेगाने चालवतात. तिथे ना खड्डा, ना वाघोलीची गर्दी, ना मागच्या सीटवर आत्याबाईंचं गाठोडं. सात माणसं बसली की चारशे किलोच्या वर वजन चढतं, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या वजनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा. म्हणून एर्टिगाचा कागदावरचा आकडा पेट्रोलवर लिटरला २०.५१ आणि सीएनजीवर किलोला २६.११ असला, तरी घरचा हिशेब करताना त्यातला चौथा हिस्सा आधीच वजा धरावा. ज्याच्याकडे तीच गाडी आहे अशा पाहुण्याला विचारा. मात्र काट्यावरचा आकडा विचारू नका. टाकी फुल्ल करायची, पाचशे किलोमीटर चालवायची, पुन्हा फुल्ल करून किती लिटर बसलं ते बघायचं. खरा ॲव्हरेज तोच.

एक हिशेब मांडू. भाव सोयीसाठी धरले आहेत, तुमच्या पंपावरचा भाव घालून तो पुन्हा करा. पेट्रोल १०५, डिझेल ९०, सीएनजी किलोला ९०. सात सीटची पेट्रोल गाडी प्रत्यक्षात १५ देते, डिझेलची १४ आणि सीएनजीची २०, असं समजा. महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्या घराला वर्षाला पेट्रोलवर ८४ हजार, डिझेलवर ७७ हजार आणि सीएनजीवर ५४ हजार रुपये लागतील. सीएनजीची गाडी पेट्रोलपेक्षा लाखाच्या आत-बाहेर महाग पडते. वर्षाला तीस हजार वाचले तर साडेतीन वर्षांच्या आत ती रक्कम फिटते. चांगला सौदा आहे.

आता तीच गाडी महिन्याला चारशे किलोमीटरच फिरते असं धरा. पेट्रोलचा वर्षाचा खर्च ३३,६००, सीएनजीचा २१,६००. बचत बारा हजार. लाख रुपये फिटायला आठ वर्षं लागणार, आणि त्या लाखावरचं बँकेचं व्याज निराळं. नऊ टक्क्यांनी धरलं तरी पहिल्या वर्षाचं व्याज नऊ हजारांच्या घरात जातं. मग वाचलं काय? म्हणून गाडी बुक करण्याआधी तीन महिने वही घाला. आज कुठे गेलो, किती किलोमीटर, गाडीत माणसं किती. मागून आणलेली गाडी असो की भाड्याची, सगळं लिहा. उसाचं बिल हातात पडलं की गाडीचा विचार डोक्यात येतो, आणि पुढचं बिल लांबलं तरी हप्त्याची तारीख काही थांबत नाही.

रस्त्याचाही विचार हवा. शिरूरकराला पुण्याला जायचं तर नगर रस्ता, म्हणजे शिक्रापूर आणि वाघोलीची कोंडी. एसी लावून गाडी जागेवर घुरघुरत राहिली तर तासाला अर्धा ते एक लिटर इंधन नुसतं धुरात जातं. दौंडकराला सोलापूर रस्ता बराच मोकळा मिळतो, तिथे वेगाचा मोह आवरला पाहिजे. ऐंशीच्या पुढे काटा गेला की वाऱ्याचा विरोध वाढतो, आणि टपावर कॅरियर असेल तर विचारायलाच नको. एकच गाडी, पण शिरूरला वेगळा ॲव्हरेज आणि दौंडला वेगळा.

सीएनजी घेणाऱ्याने पहिल्यांदा गावाजवळचा पंप स्वतः जाऊन बघावा. रांग किती असते आणि संध्याकाळी प्रेशर मिळतं का, हे तिथल्या रिक्षावाल्याला विचारा, तो खरं सांगेल. टाकी मागच्या जागेतच बसते, त्यामुळे सात माणसं बसल्यावर पिशव्या मांडीवर घ्याव्या लागतात. टाकीची तपासणी दर तीन वर्षांनी करून घ्यायची असते, तीही चुकवू नका. स्वयंपाकाच्या सिलिंडरवर गाडी चालवण्याचे प्रकार आपण पाहिले आहेत. पोराबाळांच्या गाडीत तो उद्योग कुणी करू नये.

मग डिझेल टाकाऊ झालं का? नाही. कालव्याखालच्या काळ्या रानात आषाढात चिखल तुडवायचा असेल, दुधाचे कॅन आणि खताची पोती न्यायची असतील, तर बोलेरोसारखी दणकट गाडी लागतेच. फक्त एक गोष्ट विक्रेता सहसा सांगत नाही. २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांत धूर गाळणारा फिल्टर असतो. तो साफ राहायला गाडी अधूनमधून हमरस्त्यावर चांगली तापून पळावी लागते. मळा ते वेस, वेस ते मळा अशी तीन किलोमीटरची ये-जा करत राहिलात तर फिल्टर तुंबतो, दिवा लागतो आणि वाचवलेल्या डिझेलचे पैसे वर्कशॉपला जातात.

पेट्रोलवाल्यांसाठी आपल्या घरचीच एक गोष्ट. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं. त्यातलं बरंचसं आपल्याच उसातून येतं, त्याचं कौतुक आहेच. पण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ताकद कमी. दहा टक्क्यांच्या मिश्रणासाठी जुळवलेल्या गाड्यांचा ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घटेल, असं नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटलं होतं. जुनी गाडी घेणाराने हे धरून चालावं.

कराचंही बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या लहान इंजिनाच्या गाड्यांना १८ टक्के जीएसटी आहे. पेट्रोल-सीएनजीला १२०० सीसी आणि डिझेलला १५०० सीसी ही मर्यादा. ट्रायबर, ईको आणि बोलेरो त्यात बसतात. एर्टिगा बसत नाही, तिला ४० टक्के. ट्रायबरचं इंजिन हजार सीसीचं, सपाटीला ठीक. सात माणसं घेऊन भीमाशंकरचा चढ चढताना मात्र गिअर सारखा खाली टाकावा लागेल आणि ॲव्हरेज तिथेच सांडेल. घरात रोज चार-पाचच जण फिरत असतील तर पाच सीटची साधी गाडी घ्या, आणि जत्रेला मोठी गाडी भाड्याने सांगा. वर्षाला पाच-सहा वेळचं भाडं मोठ्या गाडीच्या जादा हप्त्यापेक्षा बहुतेकदा कमीच भरतं. दारात मोठी गाडी दिसली की सोयरिकीला वजन येतं, हे आम्हालाही कळतं. पण त्या वजनाचा हप्ता साठ महिने भरायचा असतो.

तालुक्याहून किंवा पुण्याहून रोज गावात येणाऱ्या भाऊसाहेब मंडळींनाही एक विनंती. चौघे जण चार गाड्यांनी येता, आठवडा वाटून घेऊन एका गाडीने या. केडगाव-यवतकडच्यांना तर रेल्वेची पॅसेंजर आहे, तिच्याइतका ॲव्हरेज कुठलीच मोटार देणार नाही. शिरूरला ती सोय नाही, तिथे एसटी.

आणि हप्ता भागवायला "जाता-येता चार सीटा भरू" असा बेत कुणी करत असेल तर त्याने आधी नंबरप्लेटचा रंग बघावा. पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाडं घेऊन माणसं बसवायला परवाना नसतो. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी. गाडीच्या पुस्तकात जेवढ्या सीटा लिहिल्या आहेत तेवढीच माणसं बसवा. नववा माणूस चढला तर त्याला उतरवून मोटारसायकलवर मागून यायला सांगा, मग तो खुद्द जावई का असेना.