पाटी नसलेला वकील

पुणतांबा आपल्याला ठाऊक आहे ते दोन कारणांनी. शिर्डीला जाणारी गाडी तिथे मनमाडची लाइन सोडते, आणि १ जून २०१७ ला शेतकऱ्यांचा संप तिथूनच पेटला. (आजीला विचाराल तर ती आधी चांगदेवांची समाधी सांगेल.) संपानंतर त्याच महिन्यात दीड लाखापर्यंतची कर्जमाफी जाहीर झाली, डिसेंबर २०१९ मध्ये दोन लाखांपर्यंतची. पण आकडा आठ लाखांचा असेल तर? आणि त्यात पीककर्ज, ट्रॅक्टर, हातउसनं अशी सगळी भेळ असेल तर?

तिथलाच माझा एक मित्र हिंजवडीत नोकरी करतो. वडिलांच्या कर्जाला जामीन तोच. परवा म्हणाला, ‘बाबांची दिवाळखोरी जाहीर करायची तर गावाकडे वकील मिळेल का गं?’ नेटवर त्याला मिळाली होती मुंबईची चकाचक नावं. पण बॉस, ती मंडळी कंपन्यांची कामं करतात! २०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता आली खरी, पण व्यक्तींपैकी ती लागू झालीय फक्त कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना, तीही डिसेंबर २०१९ पासून. पुणतांब्याच्या शेतकऱ्याला आजही १९२० चा प्रांतिक नादारी कायदाच. अर्ज जिल्हा न्यायालयाच्या अखत्यारीतला. फेडता येत नाही असं किमान पाचशे रुपयांचं कर्ज हवं. हो, पाचशे! रक्कम इंग्रजांच्या काळातली आहे.

तेव्हा ‘दिवाळखोरी स्पेशालिस्ट’ अशी पाटी शोधत बसू नका. वकिलांना जाहिरातबाजीची बार कौन्सिलची मनाईच आहे. राहाता किंवा कोपरगावच्या कोर्टात जा आणि वसुलीचे, दरखास्तीचे दिवाणी दावे कोण चालवतं ते विचारा. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि वर्षाला तीन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. हेल्पलाइन १५१००.

वकील गाठला की आधी तारणाचं विचारा. नादारी जाहीर झाली तरी गहाण जमिनीवरचा बँकेचा हक्क सुटत नाही. बिनतारणी कर्जासाठी मात्र शेतकऱ्याची औजारं, बैल, बियाणं, राहतं घर यांना जप्तीपासून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० चं संरक्षण आहे. नोकरदाराच्या पीएफलाही.

आणि मग जामीन. इथे मित्राचा चेहरा उतरला. वडील नादार ठरून कर्जातून मोकळे झाले, तरी जामीनदार मोकळा होत नाही. बँक सरळ त्याच्याकडे येणार, म्हणजे हिंजवडीच्या पगाराकडे. आपल्यातल्या किती जणांनी ‘बाबा म्हणाले म्हणून’ अशी सही ठोकलीय, देव जाणे.

राहात्याच्या वकिलाने त्याच्याकडून आधी गहाणखत आणि जामीनपत्राच्या नकला मागवल्या. त्या वाचून नादारीचा अर्ज तूर्त बाजूला ठेवला. सध्या एकरकमी तडजोडीचं बोलणं चाललंय, आणि लेखी पत्र हातात पडल्याशिवाय एक पैसाही भरायचा नाही, अशी वकिलाची सक्त ताकीद आहे.