विश्लेषण : क्रूझची केबिन भाडे पाहून निवडावी की नकाशा पाहून?

मुंबईहून गोवा, लक्षद्वीपला जाणाऱ्या क्रूझमुळे समुद्रसफर मध्यमवर्गीय कुटुंबांच्याही आवाक्यात आली आहे. मात्र आरक्षण करताना बहुतेकांची नजर भाड्याच्या आकड्यावरच खिळते. जहाज केवढे, केबिन नेमकी कुठे आणि बंदरापासून शहर किती लांब, हे प्रश्न मागे राहतात. वयस्कर आई-वडिलांना हौसेने घेऊन जाणाऱ्या कुटुंबाला त्याची किंमत भर समुद्रात मोजावी लागते. तिथे खोली बदलून मिळण्याची खात्री नसते आणि मधेच उतरताही येत नाही.

मुंबईकरांसाठी पर्याय कोणते?

मुंबई-गोवा सागरी प्रवासासाठी २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ सुरू झाली. २०२१ मध्ये कॉर्डेलिया क्रूझेसचे ‘एम्प्रेस’ हे जहाज मुंबईहून निघू लागले. १९९० मध्ये ‘नॉर्डिक एम्प्रेस’ नावाने सेवेत आलेलेच हे जहाज. याशिवाय विमानाने सिंगापूर किंवा युरोपला जाऊन तिथून क्रूझ घेणारे मराठी पर्यटकही बरेच आहेत. पश्चिम किनाऱ्यावरचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. त्यातही पावसाळ्याच्या तोंडावर समुद्र खवळू लागतो. त्यामुळे प्रथमच जाणाऱ्यांनी हिवाळ्यातील दोन-तीन रात्रींची सफर निवडणे शहाणपणाचे.

जहाज मोठे म्हणजे गर्दी जास्त?

तसे नाही. जाहिरातीत दिलेले ‘ग्रॉस टनेज’ हे जहाजाचे वजन नसून आतील बंदिस्त जागेचे माप असते. त्याला प्रवासीसंख्येने भागले, की माणशी जागेचा अंदाज येतो. ‘एम्प्रेस’ सुमारे ४८,५०० टनांचे असून एका केबिनमध्ये दोघे धरले तर त्यात सुमारे १,६०० प्रवासी मावतात. म्हणजे माणशी साधारण ३०. जानेवारी २०२४ मध्ये सेवेत आलेले ‘आयकॉन ऑफ द सीज’ जवळपास २,४८,६०० टनांचे आणि त्याच हिशेबाने ५,६१० प्रवाशांचे. तिथे हा आकडा ४४ होतो. सुट्टीच्या हंगामात केबिनमध्ये तिसरी-चौथी खाट उघडली जाते आणि मोकळी वाटणारी जागा आक्रसते, हेही ध्यानात ठेवावे.

मोठ्या जहाजावर करमणूक अधिक आणि लाटांचे हेलकावे तुलनेने कमी जाणवतात. पण चालणे फार होते. नाश्त्याला एका टोकाला आणि नाटकाला दुसऱ्या टोकाला जायचे, तर ३०० मीटरहून अधिक अंतर पडू शकते. गुडघेदुखी असलेल्यांनी याचा विचार आधी करावा.

केबिनचे प्रकार कोणते?

ढोबळमानाने चार : खिडकी नसलेली आतली केबिन, बंद काचेची सागरदर्शन केबिन, बाल्कनीची केबिन आणि ऐसपैस सूट. दोन रात्रींच्या सफरीत दिवस डेकवर आणि संध्याकाळ कार्यक्रमांत जाते. तिथे बाल्कनीसाठी मोठी रक्कम मोजण्यापेक्षा आतली केबिन पुरते. नॉर्वेच्या खाड्या किंवा अलास्काच्या हिमनद्या पाहायला निघालेल्यांना मात्र बाल्कनीचे पैसे वसूल होतात. आतल्या केबिनमध्ये दिवा मालवला की मिट्ट काळोख होतो. कोंडल्यासारखे वाटणाऱ्यांनी ती टाळावी.

भाडे बहुधा दोघांच्या हिशेबाने माणशी सांगितलेले असते. एकट्याने जाणाऱ्याला अनेकदा जवळपास दोघांचे पैसे भरावे लागतात.

जागा महत्त्वाची का?

एसटीच्या मागच्या बाकावर बसलेल्याला खड्डा जास्त जाणवतो, दोन्ही चाकांच्या मधल्या बाकावर कमी. जहाजाचेही तसेच. लाटेवर जहाज पुढे-मागे झुलते, तेव्हा नाळ आणि मागचे टोक सर्वाधिक वरखाली होतात, मधला भाग कमी. आडवे डोलते, तेव्हा वरच्या मजल्यांना झोका मोठा बसतो. म्हणून बोट लागण्याचा त्रास असणाऱ्यांसाठी खालच्या मजल्यावरची, मधोमध असलेली केबिन उत्तम. ती बहुधा स्वस्तही असते. सर्वांत वरची, महागडी केबिन घेऊन रात्रभर उलट्या काढण्यात मौज नाही.

दुसरा मुद्दा आवाजाचा. वर तरणतलाव असेल, तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो. खाली नाट्यगृह किंवा डिस्को असेल, तर मध्यरात्रीपर्यंत धडधड असते. नाळेजवळच्या केबिनमध्ये सकाळी नांगर टाकताना दचकून जाग येते. वरच्या आणि खालच्या, दोन्ही मजल्यांवर केबिनच असतील अशी जागा सर्वांत शांत. दोन केबिनना जोडणारा दरवाजा मधे असेल, तर शेजारचे बोलणे ऐकू येते. एकत्र जाणाऱ्या दोन कुटुंबांना मात्र तोच सोयीचा. ज्येष्ठांसाठी केबिन लिफ्टच्या जवळ असावी, पण अगदी लागून नको.

हे सारे जहाजाच्या मजलावार नकाशात दिसते आणि तो कंपनीच्या संकेतस्थळावर सहसा मोफत मिळतो. खिडकीपुढे जीवरक्षक नौका टांगलेली आहे का, तेही तिथे कळते. ‘केबिन क्रमांक नंतर कळवू’ या अटीवरची सवलत घेतली, तर जागा निवडण्याचा हक्क कंपनीकडे जातो. तरुण मित्रमंडळींना ते परवडेल, आजारी वडिलांना नाही.

डावी बाजू की उजवी?

मुंबईहून गोव्याकडे जाताना जहाज दक्षिणेला निघते. किनारा डाव्या हाताला आणि पश्चिम उजव्या हाताला राहते. त्यामुळे जाताना सूर्यास्त उजव्या बाजूच्या केबिनमधून दिसतो, परतताना डाव्या. जहाज बरेच खोल समुद्रातून जात असल्याने कोकणचा किनारा दिसेलच याची खात्री नाही.

बंदरात उतरल्यावर काय?

खरी गफलत इथे होते. कार्यक्रमपत्रिकेत शहराचे नाव असते, पण जहाज लागते ते बंदराला. गोव्यात मोठी जहाजे वास्कोजवळच्या मुरगाव बंदरात थांबतात. पणजी तिथून रस्त्याने सुमारे ३० किलोमीटर, कळंगुट त्याहून पुढे. युरोपात ‘रोम’ म्हणजे सुमारे ७० किलोमीटरवरचे चिवितावेक्किया, तर ‘पॅरिस’ म्हणजे जवळपास २०० किलोमीटर दूरचे ल हाव्र. व्हेनिसच्या जुदेक्का कालव्यातून मोठ्या जहाजांना ऑगस्ट २०२१ पासून बंदी आहे. त्यामुळे ‘व्हेनिस’ लिहिलेल्या अनेक सफरी रावेन्ना किंवा त्रिएस्ते येथून निघतात. बंदरात आठ तास मिळणार असतील आणि येण्या-जाण्यात चार जाणार असतील, तर फिरायला किती उरतात, याचा हिशेब आधीच मांडावा.

लक्षद्वीपसारख्या ठिकाणी जहाज बेटाला न लागता समुद्रात उभे राहते आणि प्रवासी छोट्या बोटींतून किनाऱ्यावर जातात. हलत्या बोटीत पाय टाकणे वृद्धांना अवघड जाते. लाटा वाढल्या, तर उतरणे रद्दही होते. लक्षद्वीपसाठी भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो. परदेशी सफरीत जहाज एका देशातून बाहेर जाऊन पुन्हा तिथे येत असेल, तर व्हिसा बहुप्रवेशाचा आहे ना, हे तपासावे.

परतण्याची वेळ जहाजाच्या घड्याळाप्रमाणे पाळावी लागते. ते स्थानिक वेळेपेक्षा वेगळे असू शकते. कंपनीच्या सहलीला उशीर झाला, तर जहाज सहसा थांबते. स्वतःच्या टॅक्सीने गेलेल्यांसाठी थांबत नाही आणि पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च त्यांच्याच माथी येतो.

जहाजावर चढताना काय पाहावे?

मुंबईत मोठ्या क्रूझ फोर्टातील बॅलार्ड पिअर येथून सुटतात. भाऊचा धक्का वेगळा, तेव्हा टॅक्सीवाल्याला नेमके ठिकाण सांगावे. मोठ्या बॅगा तिथेच घेतल्या जातात आणि केबिनमध्ये काही तासांनी पोहोचतात. म्हणून औषधे, ओळखपत्र आणि चष्मा हातातल्या पिशवीत असावा. आगीच्या धोक्यामुळे इस्त्री आणि विजेची किटली बहुतेक जहाजांवर नेता येत नाही.

सुरक्षा कवायत हा कंटाळवाणा उपचार नाही. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या जिल्यो बेटाजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळून ३२ जणांचा मृत्यू झाला. त्याच दिवशी चढलेल्या अनेकांची कवायत तोवर झालीच नव्हती. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलले आणि कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घेणे बंधनकारक झाले. सात लहान भोंगे आणि एक लांब भोंगा हा आणीबाणीचा इशारा. आपले जमण्याचे ठिकाण केबिनपासून जिन्याने किती दूर, हे पहिल्याच संध्याकाळी चालून पाहावे.

भाड्याबाहेरचा खर्च किती?

बंदर शुल्क, जीएसटी, सेवाशुल्क, वाय-फाय, मद्य आणि खास उपाहारगृहे यांचे पैसे बहुधा वेगळे. केबिनचे कार्डच पाकिटाचे काम करत असल्याने खर्चाचे भान राहत नाही. ते मुलांच्या हाती देण्याआधी मर्यादा घालून घ्यावी. जहाजाचे उपग्रह नेटवर्क फोनला आपोआप जोडले गेले, तर मोठे बिल येते. त्यामुळे फोन ‘फ्लाइट मोड’वर ठेवलेला बरा. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याचे शुल्क द्यावे लागते आणि गंभीर रुग्णाला किनाऱ्यावर हलवण्याचा खर्च प्रचंड असतो. परदेशी सफरीत तो खर्च विम्यात आहे का, हे पॉलिसी वाचूनच ठरवावे.

म्हणजे आरक्षणाआधीचा अर्धा तास सवलतींचे आकडे ताडण्यात नव्हे, तर जहाजाचा नकाशा आणि बंदराचा पत्ता पाहण्यात घालवायला हवा. पैसे भरण्यापूर्वी केबिन बदलणे सोपे असते. जहाज सुटल्यावर मिळेल त्या केबिनमध्येच दिवस काढावे लागतात.