रजा मंजूर केली, पुढे काय?

“रजा मंजूर केली, आता बरा होऊन ये, तोवर मी फोनही करणार नाही,” असं म्हणणाऱ्या साहेबाला आपण भला माणूस समजतो. रोज फोन करून ‘कधी येतोस’ विचारणाऱ्यापेक्षा तो बरा, हे मान्य. पण त्याचं गप्प राहणं म्हणजे आधार, हे मला मुळीच मान्य नाही. माझं काम कोणाकडे गेलं, पगार किती कापणार, परतल्यावर जागा राहील ना, हे प्रश्न आजाऱ्याला झोपू देत नाहीत. साहेब बोलला नाही की उत्तरं ऑफिसातल्या कुजबुजीतून येतात, आणि माणूस अर्धवट बरा होऊनच कामावर हजर होतो.

“कायदा आहे, एचआर बघेल,” असंही म्हटलं जातं. कायदा आहेच. ईएसआय योजनेत आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळतं. क्षयरोगासारख्या दीर्घ आजारात ८० टक्के, तेही दोन वर्षांपर्यंत. हा लाभ चालू असताना नोकरीवरून काढायला १९४८च्या कायद्याच्या कलम ७३ने मनाई केली. पण क्षयाचे उपचार साधारण सहा महिने चालतात, आणि डॉक्टरांच्या परवानगीने माणूस त्याआधीच रुजू होऊ शकतो. त्या दिवशी त्याच्या शेजारची खुर्ची कोणी लांब सरकवली, तर ते कोणतं कलम थांबवणार? ते साहेबानेच थांबवायचं असतं. आजाराचं नाव त्याने कुणाला सांगायचं नसतं, हे तर त्याही आधीचं.

“ढील दिली की लोक सोंगं करतात, आणि बोजा बाकीच्यांवर पडतो,” हा आक्षेप जुना आहे. सोंग करणारे असतात. त्यांच्यासाठी मेडिकल सर्टिफिकेट आहे. बोज्याची तक्रार मात्र खरी आहे, फक्त तिचा धनी आजारी माणूस नव्हे. कोणतं काम कोणी करायचं आणि कोणतं महिनाभर बाजूला ठेवायचं, हे ठरवायचा पगार साहेबालाच मिळतो.

म्हणून पहिल्याच दिवशी त्याने विचारावं: फोन करू का, किती दिवसांनी, की घरच्यांशी बोलू? कामाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून मोकळीक द्यावी. पगाराचा हिशेब आणि कागदपत्रं स्वतः लक्ष घालून मार्गी लावावीत. रुजू झाल्यावर पहिले काही आठवडे काम हलकं ठेवावं. आणि कंपन्यांनी साहेबाचं वार्षिक मूल्यमापन करताना टार्गेटसोबत हेही तपासावं, की त्याच्या हाताखाली आजारी पडलेली माणसं परतल्यावर टिकली का.