वाढत्या अंगाचं व्हायोलिन नको!

आपल्याकडे दोन गोष्टी हमखास वाढत्या अंगाच्या घेतात. शाळेचा गणवेश आणि सायकल. गेल्या वर्षी आमच्या घरात तिसरी आली, व्हायोलिन.

माझी मामेबहीण सात वर्षांची, मंचरला राहते. मामाच्या मोबाइलवर प्रभाकर जोगांचं 'गाणारं व्हायोलिन' ऐकून तिने हट्टच धरला. मामा मला म्हणाला, "तू पुण्यात शिकतेस, तूच बघ." मी काय बघितलं? किंमत आणि स्टार. सगळ्यात स्वस्त मागवलं, तेही फुल साइझ. म्हटलं, मोठी झाली तरी चालेल.

खोकं उघडलं तर तारांखालची घोडी सुटी पडलेली. ती कशीबशी उभी केली, तर खुंट्या घसरायला लागल्या. गज फिरवला तर आवाजच येईना. नव्या गजाच्या केसांना आधी राळ घासावी लागते, हे आमच्यात कुणाला ठाऊक होतं? आणि तिचा हात तर पहिल्या खुंटीपर्यंतही नीट पोचत नव्हता. पंधरा दिवसांनी ती म्हणाली, "ताई, मला नाही जमत."

हे वाक्य मला फार लागलं. कारण जमत नव्हतं ते त्या खोक्यातल्या वस्तूला. पोरीने मात्र दोष स्वतःकडे घेतला.

तुमच्याही घरात ऑनलाइन मागवायचं काम तुमच्याकडेच असणार. म्हणून सांगते. स्वस्त घेऊ नका, असं माझं म्हणणं नाही. टोमॅटोचा भाव पडलेल्या वर्षी महागडं कोण घेणार? स्वस्तच घ्या, पण मापाचं घ्या आणि लावून घ्या.

व्हायोलिन पाव, अर्धं, पाऊण अशा मापांत मिळतं. ते मुलाच्या खांद्यावर ठेवायचं, डावा हात लांब करायला सांगायचा. टोकाचा वळसा तळहातात आला आणि कोपर किंचित वाकलेलं राहिलं, की माप बरोबर. सात वर्षांच्या मुलाला बहुतेक वेळा पाव लागतं. घोडी, खुंट्या, तारा जाणकाराकडून बसवून घ्यायच्या आणि त्यासाठी थोडे पैसे आधीच बाजूला ठेवायचे. सगळ्यात आधी शिकवणारे सर शोधायचे, वाद्य नंतर.

"दोन महिन्यांत सोडलं तर?" हा घरच्यांचा प्रश्न रास्तच आहे. त्यावर उत्तर जुनं व्हायोलिन. मुलं वाढतात, माप बदलतं, त्यामुळे कुणाचं तरी लहान झालेलं चांगलं व्हायोलिन क्लासमध्ये मिळून जातं. सोडलंच तर ते पुढे विकताही येतं. आमचं खोकं कुणी फुकटही नेईना.

आपलं नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. तिथला ढोलकीवाला फोटो बघून ढोलकी घेईल का? थाप मारून, कान लावून, मगच घेईल. मग पोरांच्या वाद्याच्या वेळीच आपण स्टार का मोजतो?

आता मामेबहिणीकडे सरांच्या ओळखीतून आलेलं जुनं, पाव मापाचं व्हायोलिन आहे. 'सा' अजून किरकिरतो. पण परवा तिनेच फोन केला, "ताई, ऐक ना!"

आणि 'जमत नाही' हा शब्द तिने काढला नाही.