शब्दांच्या वाटेवर : फणसातला ‘जॅक’

फणसाला इंग्रजीत ‘जॅकफ्रूट’ का म्हणतात, असा प्रश्न काही वर्षांपूर्वी आम्हाला सातवीच्या वर्गात विचारला गेला. ‘जॅक’ हे साहेबलोकांतले सर्वपरिचित नाव. तेव्हा कुणा जॅकसाहेबाला हे फळ फार आवडले असावे, असे आम्ही ठोकून दिले. ‘ठाऊक नाही’ हे दोन शब्द उच्चारणे शिक्षकाला किती जड जाते, हे शिक्षकच जाणे!

तोच वडिलांच्या बदलीमुळे गोव्यात आलेली एक मल्याळी मुलगी उठून भीत भीत म्हणाली, “सर, आमच्या घरी फणसाला ‘चक्क’ म्हणतात.” वर्ग खो खो हसला. आम्हीही हसलो आणि तिला खाली बसविले.

रात्री कोश उघडला, तो मुलीचेच म्हणणे खरे निघाले. १४९८ साली वास्को द गामा मलबारच्या किनाऱ्यावर कालिकतला पोहोचला. पुढे तिथला ‘चक्क’ पोर्तुगीजांच्या तोंडी ‘जाका’ झाला आणि इंग्रजांकडे जाऊन ‘जॅक’ बनला. गोव्यात स्थायिक झालेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याचा औषधींवरील संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. मलबारात या फळाला ‘जाका’ आणि इकडच्या व गुजरातच्या बोलीत ‘पनस’ म्हणतात, अशी त्यात नोंद आहे. भाजलेल्या आठळ्यांचे त्याने कौतुक केले आहे; गरे मात्र पचावयास जड म्हणून तो स्वतः फारसे खात नसे!

वाचकहो, संस्कृत ‘पनस’ आपल्या ‘फणसा’त आजही नांदतो आहे, परंतु सातासमुद्रापार गेला तो मलबारचा ‘चक्क’. पाहुण्याने फळ ज्या अंगणात प्रथम पाहिले, तिथलेच नाव उचलले. साहेबाचा वाटणारा ‘जॅक’ असा आपल्या शेजाऱ्याच्या घरचा निघाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गापुढे चूक कबूल केली आणि त्या मुलीला तिचा शब्द तिच्या लिपीत फळ्यावर लिहावयास सांगितले. या वेळी कुणी हसले नाही.

फणस चिरण्यापूर्वी हाताला खोबरेल लावावे लागते, नाहीतर चीक सुटता सुटत नाही. गुरुजींचे चुकीचे उत्तरही मुलांच्या मनाला असेच चिकटून बसते. कबुलीचे तेल वेळीच लावलेले बरे.